येरवडा वाटेवरच आहे

आपल्याकडे काही गावांची नावे नुसती गावाची नावे राहिलेली नाहीत, त्यांची शिवी झाली आहे. येरवडा हे त्यांतलेच. कुणाचे डोके ठिकाणावर नाही असे म्हणायचे झाले की पुण्याकडचा माणूस म्हणतो, 'ह्याला येरवड्याला धाडा'; मुंबईकडचा तेच ठाण्याचे नाव घेऊन म्हणतो; आणि ऐकणारे हसतात. आम्हीही हसलो आहोत. कीर्तनात विनोदाला म्हणून हे वाक्य आम्ही एकदा नव्हे, चांगले वीस-पंचवीस वेळा वापरले असेल. समोर बसलेल्यांत ज्याचा भाऊ किंवा जिची लेक खरोखरच तेथे आहे असे कोणी असेल, हे आमच्या मनातही आले नाही. आज त्याच विषयावर लिहायला बसलो आहोत, तेव्हा ही कबुली आधी दिलेली बरी.

वारकऱ्याला येरवडा काही परका नाही. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचे प्रस्थान होते, दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी आळंदी सोडते, आणि दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर असे करीत पुण्यात शिरते. ह्या फुलेनगरच्या अंगालाच प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. महाराष्ट्र सरकारची अशी चार जुनी रुग्णालये. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांत येरवड्याचे सर्वांत मोठे, २५४० खाटांचे. त्याच आळंदी रस्त्यावर मोहनवाडीला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. म्हणजे ज्या दोन दारांची लोकांना एवढी लाज वाटते, ती दोन्ही दारे माउलींच्या वाटेवर आहेत. लाखो पावले दर वर्षी त्यांच्याजवळून जातात. आमचीही पावले गेली. एका वर्षी तर त्या दाराची गरज असलेला माणूस आमच्या दिंडीत, आमच्या पुढे चार हातांवर चालत होता, आणि आम्ही त्याला तसाच पुढे नेला. ती हकीकत सांगतो.

गडी बीड जिल्ह्यातला. नाव सांगत नाही. त्याचे गाव लहान आहे आणि लोक लगेच ओळखतील. सहा महिने ऊसतोडीला, सहा महिने मिळेल ते काम. आवाज पहाडी, टाळ घट्ट, आणि चालण्यात कोणी हात धरणार नाही असा. आमच्या फडावर त्याला माळ घातली होती. ज्ञानेश्वरीवर ठेवून, रीतीप्रमाणे. पुढे कारखान्याच्या तळावर त्याला दारू लागली. आधी अंग दुखते म्हणून, मग झोप येत नाही म्हणून, आणि शेवटी सकाळी उठून हात थरथरतात ते थांबावेत म्हणून. आम्हांला हे ठाऊक नव्हते असे नाही. कानावर आले होते. आम्ही त्याला बोलावून सांगितले, वारीला येतोस तर सोडून ये. तो 'हो महाराज' म्हणाला, आणि शब्दाला जागला. प्रस्थानाच्या दिवशी इंद्रायणीत स्नान केले आणि त्या क्षणापासून थेंब घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी चालताना त्याच्या हातातला टाळ धरवेना. अंगाला दरदरून घाम. आम्ही म्हटले, उन्हाचा त्रास. विश्रांतवाडीला तो दोनदा रस्त्याकडेला बसला. पुण्यात एका शाळेत आमचा उतारा होता. तेथे रात्री तो उठून अंगावरचे किडे झटकू लागला, नसलेल्या माणसांशी बोलू लागला, भिंतीकडे बोट दाखवून ओरडू लागला. कुणी म्हणाले बाधा झाली, कुणी म्हणाले माळ घालून प्याला त्याचे हे फळ. आम्ही अंगारा लावला, कपाळाला बुक्का लावला आणि चौघांना त्याच्याजवळ बसवून नामस्मरण सुरू केले. पहाटे त्याला झटके आले. तोंडाला फेस आला, डोळे फिरले. दिंडीच्या ट्रकचा ड्रायव्हर, जो माळकरी नाही, एकादशी करीत नाही आणि ज्याला आम्ही त्याबद्दल नेहमी टोचून बोलायचो, त्याने कोणाला न विचारता त्याला उचलून गाडीत घातले आणि सरकारी दवाखान्यात नेले. तेथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हांला विचारले, 'ह्याची दारू एकदम कोणी बंद केली?' आम्ही जरा अभिमानानेच म्हणालो, आम्ही. त्या म्हणाल्या, 'अजून थोडा उशीर केला असता तर गेला असता.'

हे येथे नीट सांगितले पाहिजे, कारण आपल्यातल्या पुष्कळांना ते माहीत नाही आणि प्रत्येक वारीत असा एक तरी गडी असतोच. जो माणूस वर्षानुवर्षे रोज आणि भरपूर पितो, त्याच्या मेंदूला त्या दारूची सवय झालेली असते. दारू मेंदूला सुस्त करते. म्हणून मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून स्वतःला जागा ठेवायला शिकतो. दारू अचानक काढून घेतली की तो लावलेला जोर तसाच राहतो, आणि त्याला रोखणारे काही उरत नाही. पहिल्या दिवसातच हात कापतात, घाम सुटतो, छाती धडधडते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो; किडे दिसतात, माणसे दिसतात, आपण कोठे आहोत हे कळत नाही. ही बाधा नाही आणि पापाचे फळही नाही. हा वैद्यकातला माहीत असलेला आणि औषधाने आवरणारा प्रकार आहे. औषध न मिळाल्यास मात्र माणूस दगावतो. प्रत्येकाला असे होत नाही. पण पूर्वी कधी सोडताना झटके आले असतील, किंवा सकाळी उठल्याबरोबर घ्यावीच लागत असेल, तर त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नये. आम्ही त्याला जे सांगितले ते धर्माचे होते, पण अर्धवट होते. सोडून ये म्हणालो. कोठे जाऊन आणि कोणाच्या हाताखाली सोड, हे सांगितले नाही.

येथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की नामात सर्व सामर्थ्य आहे असे आपण सांगता, मग गोळ्या कशाला? बाबांनो, वाटेत पायाला फोड येतो तेव्हा आपण वैद्यकीय पथकाच्या गाडीपाशी रांग लावतो की नाही? मधुमेहाची गोळी चुकवून नुसत्या नामावर कोणी लोणंदपर्यंत गेला आहे काय? विंचू चावला तर टाळ वाजवीत बसतो काय? शरीराच्या दुखण्याला आपण औषध घेतो आणि त्याने नामाचा अपमान झाला असे मानीत नाही. मनाच्या दुखण्यालाच तेवढा हा प्रश्न का? आमच्या मते ह्याचे कारण भक्तीत नाही, लाजेत आहे. पायाचा फोड दाखवायला लाज वाटत नाही.

त्या गड्याचे पुढे काय झाले? तो वाचला. पण आम्ही काय केले ते ऐका. त्याने मधून वारी सोडली, आणि घरी जाऊन महिन्याभरात पुन्हा पिऊ लागला असे कळले. फडावर चर्चा झाली. जाणते म्हणाले, माळेचा अवमान होतो आहे. आम्ही निरोप पाठवला आणि त्याची माळ परत मागवून घेतली. नियमाप्रमाणे ते चूक नव्हते. माळेचा नियम सैल करा असे आम्ही आजही म्हणत नाही. मद्य आणि मांस वर्ज्य हा आपल्या संप्रदायाचा कणा आहे, आणि ह्याच नियमाने महाराष्ट्रातली हजारो गरीब घरे वाचली आहेत. परंतु नियम मोडणारा माणूस दुष्ट आहे की आजारी आहे, हे आम्ही पाहिलेच नाही. सहा वर्षे तो वारीला आला नाही. सातव्या वर्षी त्याची कारभारीण एकटीच आली. आळंदीला आमच्या पाया पडली आणि शांतपणे म्हणाली, 'महाराज, गळ्यातली माळ तुम्ही काढून नेलीत. हातातली बाटली काढायला मात्र कोणी आलं नाही.'

आम्ही चाळीस वर्षे निरूपण करतो. ह्या बाईला उत्तर देता आले नाही.

पंढरीच्या वाटेवर कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, ह्याचा आपला इतिहास फार जुना आहे आणि सगळाच अभिमानाचा नाही. संन्याशाची पोरे म्हणून आळंदीने ज्ञानदेवादी भावंडांना वाळीत टाकले. चोखोबांना महाद्वाराबाहेर राहावे लागले. एकनाथांनी श्राद्धाचे अन्न भुकेल्या महारांना वाढले म्हणून पैठणच्या शहाण्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. आणि ह्याच येरवड्याच्या तुरुंगात, २४ सप्टेंबर १९३२ ला, डॉ. आंबेडकर आणि इतर पुढाऱ्यांच्या सह्यांनी पुणे करार झाला. गांधीजी तेव्हा तेथे उपोषणाला बसले होते. पुढे १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस प्राण पणाला लावले, तेव्हा कोठे विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडले. विटेवरचा देव त्याआधी कोणाला नको म्हणाला नव्हता. दार माणसांनी लावले होते.

आज दवाखान्याच्या दाराचे तसेच आहे. कायद्याने ते उघडे आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात प्रत्येकाला सरकारी मानसिक उपचाराचा हक्क दिला आहे, आणि दारू किंवा इतर मादक पदार्थांमुळे होणारे मनाचे विकारही त्याच हक्कात धरले आहेत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तर ही सेवा फुकट मिळायची आहे. आणि जो निराधार किंवा बेघर आहे त्याच्याजवळ तसे कार्ड नसले तरी त्याला नाकारता येत नाही. रुग्णाला साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे. रस्त्यावर भ्रमिष्ट अवस्थेत कोणी फिरताना दिसला, तर पोलिसांनी त्याला कोठडीत घालायचे नाही, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायचे, असे त्यात स्पष्ट आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता तो पराकाष्ठेच्या ताणाखाली होता असे धरून त्याला उपचार द्यायचे, हेही आहे. एवढे चांगले कायदे आपल्याकडे थोडे असतील.

मग गाडी अडते कोठे? बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपले काही निराळे असेल असे मानायला जागा नाही. प्रौढ माणसांत शंभरांमागे दहांना त्या वेळी मनाचा काही ना काही आजार होता. आणि दारूच्या आजाराने पछाडलेल्या शंभरांतल्या पंचाऐंशीहून अधिक जणांना कोणताच उपचार मिळत नव्हता. शंभरांत पंचाऐंशी! पोलिओच्या डोसाबाबत असे झाले असते तर राज्यभर गहजब झाला असता.

अडते ते असे. येरवड्याच्याच लक्ष्मीनगर-फुलेनगरच्या वस्तीतला माणूस घ्या. मनोरुग्णालयाची भिंत त्याला घरातून दिसते, तरी तो आत जात नाही. गेला तर दिवसाची मजुरी बुडते. सोबत कोणी हवे, म्हणजे दोघांची बुडते. औषध एक दिवसाचे नसते, महिन्या-महिन्याला यावे लागते. रजा मागावी तर मुकादम विचारतो कशाला, आणि खरे सांगावे तर काम जाते. धुणीभांडी करणारी बाई असेल तर ती 'डोक्याच्या दवाखान्यात' जाते हे कळताच चार घरे सुटतात. गटारात उतरणारा सफाई कामगार असेल तर तो म्हणतो, प्यायल्याशिवाय त्या घाणीत उतरवतच नाही. आपण त्याला व्यसनाबद्दल बोल लावतो, गटारात उतरायला मात्र आपल्यातला कोणी जात नाही. पारध्याच्या पोराला दवाखान्याच्या फाटकावरचा रखवालदारही पोलिसासारखाच वाटतो. तृतीयपंथी असेल तर त्याला पुरुषांच्या रांगेत हसतात आणि बायकांच्या रांगेतून हाकलतात. आणि पिणारी बाई असेल तर विचारूच नका. पुरुष प्याला तर 'वाया गेला', बाई प्याली तर तिला माणसातच धरीत नाहीत. म्हणून ती शेवटपर्यंत लपवते आणि लपवता लपवता मरते. मुक्तांगणने स्त्रियांसाठी 'निशिगंध' नावाचा वेगळा विभाग काढला, तो ह्याचसाठी.

मुक्तांगणचा विषय निघालाच आहे तर थोडे विस्ताराने सांगतो. ती गोष्ट कीर्तनात सांगावी अशी आहे. १९८५-८६ च्या सुमारास पुण्या-मुंबईत गर्दचा, म्हणजे ब्राउन शुगरचा, सुळसुळाट झाला होता. अनिल अवचटांनी त्या पोरांमध्ये हिंडून लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, आणि अशा मुलांसाठी काही करा म्हणून त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता ह्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्याच आवारातल्या एका इमारतीत २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण सुरू झाले. नाव पाहा! तुरुंग आणि वेड्यांचे इस्पितळ ह्यांच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात त्यांनी नाव ठेवले मुक्तांगण. अनिताबाई १९९७ साली कर्करोगाने गेल्या, अनिल अवचट २०२२ च्या जानेवारीत गेले. त्यांची कन्या आणि सहकारी ते काम पुढे चालवीत आहेत. सुमारे पाच आठवडे माणसाला तेथे ठेवतात. पहिले काही दिवस औषधाचे, म्हणजे आमच्या गड्याला जे झाले ते होऊ नये ह्याचे. पुढे श्रम, व्यायाम, गाणे, एकमेकांशी खरे बोलणे. घरच्यांनाही बोलावतात, कारण घरातला एक पितो तेव्हा सगळे घर आजारी पडते. गरिबाला फीमध्ये सवलत मिळते. आणि तेथले पुष्कळ समुपदेशक स्वतः एके काळचे व्यसनी आहेत. हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. जो त्या चिखलातून वर आला त्याचा हात धरायला बुडणाऱ्याला भीती वाटत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणून जी मंडळी गावोगाव सभा घेतात, त्यांचेही तत्त्व हेच. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून ते जगभर पसरले. फी नाही, नाव विचारत नाहीत, आणि निश्चय केवळ आजच्या दिवसापुरता. उद्याचे उद्या. आपल्या वारीत तरी दुसरे काय आहे? पंढरी किती कोस राहिली हे मोजत बसणारा लवकर थकतो. पुढचा विसावा गाठायचा म्हणून चालणारा पोचतो.

आता ज्या गोष्टीकडे आपल्या मंडळींचे लक्ष विशेष जावे असे वाटते तिच्याकडे येतो. मनाच्या आजाराचा माणूस पहिल्यांदा डॉक्टरकडे जात नाही. तो देवळात येतो, मठात येतो, महाराजांकडे येतो. म्हणजे पहिले दार आपलेच आहे. ह्या दाराशी त्याला काय मिळते, त्यावर पुढचे सगळे ठरते. तमिळनाडूत एर्वाडी म्हणून गाव आहे. नाव आपल्या येरवड्यासारखेच, म्हणून आमच्या लक्षात राहिले. तेथल्या दर्ग्याला गुण येतो म्हणून मनोरुग्णांना आणून खासगी झोपड्यांत साखळ्यांनी बांधून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे एका झोपडीला आग लागली आणि साखळीमुळे पळता न आलेली २८ माणसे जळून मेली. 'ते त्यांच्याकडचे' असे कृपा करून कोणी म्हणू नका. आपल्या मुलखात देवस्थानांच्या ओवरीला बांधून ठेवलेली माणसे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिली आहेत, आणि तोंड फिरवून पुढे गेलो आहोत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवतो म्हणून कोणाला बांधणे, मारणे, चटके देणे हा त्याने गुन्हा ठरला. त्या कायद्यावर आपल्यातल्या काही मंडळींनी तेव्हा हरकत घेतली होती, हे आम्ही विसरलेलो नाही. वारीला किंवा भजनाला त्या कायद्याने काही धक्का बसला नाही, हे आता इतक्या वर्षांनी सर्वांनी पाहिले आहे. ज्या बाईच्या अंगात येते तिची चेष्टाही करू नका आणि पूजाही करू नका. तिला बाजूला बसवून घरी काय चालले आहे एवढे विचारा. पुष्कळदा त्या बाईला मोठ्याने बोलता येईल अशी ती एकच जागा असते.

दुसरे, आपल्या दिंड्यांत गोळ्या चालू असलेली माणसेही असतात. ती सांगत नाहीत. वारीत देवाच्या वाटेवर कशाला औषध म्हणून बंद करतात, किंवा शेजारचा पाहील म्हणून पिशवीतून काढत नाहीत, आणि वाखरीला पोचेपर्यंत आजार उलटलेला असतो. शिवाय काही गोळ्या, विशेषतः लिथियमच्या, अशा आहेत की उन्हात घाम फार गेला आणि पाणी कमी पडले तर त्यांचे रक्तातले प्रमाण वाढून विषासारखा परिणाम होतो. अशा माणसाने निघण्याआधी डॉक्टरांना वारीचे सांगावे, एकादशीच्या उपवासाचेही विचारावे. आणि दिंडीचालकाने, रक्तदाब-मधुमेहाचे विचारतो तसेच, आवाज न चढवता हेही विचारावे.

तिसरे असे की, बरा झालेला माणूस. येरवड्यासारख्या ठिकाणी अशी माणसे राहून जातात की ज्यांचा आजार आटोक्यात आला आहे, पण न्यायला कोणी येत नाही. नातेवाईक खोटा पत्ता देऊन गेलेले असतात. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला बजावले की बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरीगृहात किंवा वृद्धाश्रमात ढकलणे चालणार नाही. कर्जतच्या श्रद्धा संस्थेचे डॉ. भरत वाटवानी रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून आणतात, बरे करतात आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला असले तरी त्यांच्या गावी पोचवतात. त्याबद्दल त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावाची, भाषेची, आडनावाची एवढीशी खूण धरून घर शोधायचे हे काम आहे. मनात येते, गावोगाव ओळखी कोणाच्या आहेत? वारकऱ्यांच्या! महाराष्ट्रात असे खेडे नसेल की जेथे आपले चार माळकरी नाहीत. चंद्रभागेच्या वाळवंटात यात्रा फुटल्यावर मागे राहिलेली, कुणी मुद्दाम सोडून गेलेली माणसे आम्ही दर आषाढीला पाहतो. त्यांच्या ताटात आपण प्रसाद वाढतो आणि घर गाठतो. त्यांना गाव विचारायला किती वेळ लागतो?

तुकोबांच्या चरित्रातले एक चित्र आम्हांला अलीकडे फार आठवते. दुष्काळात धंदा बुडाला, पहिली बायको अन्नान्न करीत गेली, मूल गेले. आणि तुकोबा घर सोडून डोंगरावर जाऊन बसू लागले. संतांना आम्ही रोगी म्हणतो असा अर्थ कोणी काढू नये. त्यांचे वैराग्य हे वैराग्यच. पण देहूच्या लोकांना त्या वेळी काय दिसले असेल? कर्जबाजारी वाणी, दुकानावर लक्ष नाही, दिवसभर डोंगरात. लोक वेडा म्हणाले. जिजाई भांडली, चिडली, तिने विठ्ठलालाही बोल लावले. पण दुपारी भाकरी घेऊन काट्याकुट्यांतून रोज डोंगर चढली. कीर्तनात आपण जिजाईला कजाग म्हणून रंगवतो. आजारी नवऱ्याच्या, भ्रमिष्ट लेकाच्या मागे भाकरी घेऊन चढणाऱ्या हजारो बाया आज महाराष्ट्रात आहेत, आणि आपण त्यांनाच विचारतो, 'तुझंच काहीतरी चुकलं असेल.'

ती बीडची बाई त्यांतलीच एक. त्या वर्षी आळंदीहून परत पाठवायच्या ऐवजी आम्ही तिला म्हटले, माउली, वारी झाली की आम्ही तुमच्या गावी येतो. गेलो. गडी आम्हांला पाहून घरामागे लपला. त्याला वाटले, आणखी काही काढून घ्यायला आले. दोन तास आम्ही ओट्यावर बसलो. माळेचा विषय काढला नाही, दारूचाही काढला नाही. टाळ कोणता वापरायचास, एवढे विचारले. मग तो बाहेर आला. महिन्याभराने तो उपचाराला गेला, तोही ट्रकच्या त्या ड्रायव्हरबरोबर. आमच्याबरोबर यायला त्याला संकोच वाटला. त्याची बुडालेली मजुरी फडाने भरून दिली. हा खर्च काय म्हणून लिहायचा ह्यावर फडावर दोन बैठका झाल्या. शेवटी 'अन्नदान' म्हणून लिहिला. बरा होऊन आला, आणि आठ महिन्यांनी पुन्हा प्याला. तेव्हा जुने जाणते म्हणाले, पाहा, आम्ही सांगत होतो. आम्ही डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, ह्या आजारात असे पुन्हा घसरणे होतेच, मधुमेह्याची साखर पुन्हा वाढते तसे, परत आणा. परत नेला. एखाद्याची वारी एक वर्ष चुकली तर पुढच्या वर्षी त्याला दिंडीत घेत नाही काय?

ज्या घरात असे काही चालू आहे आणि कोणाला सांगता येत नाही, त्यांच्यासाठी सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस नावाची सोय केली आहे. १४४१६ हा आकडा फिरवायचा. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालते, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजाराचा विभाग असतो, तेथे केसपेपर काढून सरळ जाता येते. दिंडीचालकांनी एवढा आकडा आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. आणि ज्यांच्या दिंडीत रोज पिणारा कोणी निघणार असेल, त्यांनी त्याला प्रस्थानाच्या आदल्या दिवशी शपथ घालू नये. चैत्र-वैशाखातच डॉक्टरांकडे न्यावे.

आमचा गडी यंदा वारीला होता. आम्ही त्याला माळेबद्दल विचारले. तो म्हणाला, 'अजून नको महाराज, आणखी एक आषाढी जाऊ द्या.' विश्रांतवाडी ओलांडून फुलेनगरला आलो तेव्हा त्याने टाळ थांबवला नाही, पण मनोरुग्णालयाच्या बाजूला वळून हात जोडले. आमच्या मागचे दोघे-तिघे हसले. मग त्या ड्रायव्हरने गाडीतून उतरून तसेच हात जोडले. त्याची माळ आमच्या टाळांच्या पेटीत फडक्यात बांधून ठेवली आहे, आणि त्या पेटीची किल्ली सध्या त्याच्याकडेच आहे.

राम कृष्ण हरि.